कारणाचा रकाना

हजेरीपत्रकात कारणाचा रकाना नसतो.
असतो फक्त चौकोन, मुंगी बसेल एवढा,
त्यात 'ह', नाहीतर 'गै'.
बावीस वर्षं मी तो भरत आले,
निळी शाई, लाल शाई,
खिडकीबाहेर सुरूची झाडं, त्यांच्यामागे दर्या,
त्याची हजेरी कुणी घेत नाही.

लौकेश तांडेल, सलग दोन दिवस गै.
तिसऱ्या दिवशी आला, केसांत वाळू.
मी म्हटलं, हात पुढे कर.
पट्टी उचललेली होती, ते लपवत नाही.
हात पुढे आले तेव्हा दिसलं,
रापणीचा दोर ओढून तळवे सोललेले,
निवडलेल्या कोळंबीसारखे गुलाबी.

"मला सांगितलं का नाही कुणी?"
शेवटच्या रांगेतून अफसाना सोलकर,
जी कविता म्हणतानाही नुसते ओठ हलवते,
ती म्हणाली,
"तुमी इचारलास खंय, बाई?"

पट्टी मी फळ्यामागे सरकवली.
अजून तिथेच आहे. तिच्या आडोशाला
पालीने अंडी घातली होती यंदा.

दुसऱ्या दिवसापासून असं ठरलं:
नाव पुकारून उत्तर आलं नाही
तर बाकीच्यांपैकी कुणीतरी सांगायचं,
तो कुठे आहे.

पहिला आठवडा नुसता दंगा.
"पेज जेवन निजलो असतलो."
"तेंची बकरी व्याली." (हे खरं निघालं.)
"माका काय ठावक, मी तेच्याशी बोलणंय नाय."
हे शेवटचं मी वहीत उतरवून ठेवलं.
तेही कारणच होतं,
दुसऱ्या कशाचं तरी.

मग मनकुमारी.
वरच्या सड्यावर कलमं राखणाऱ्याची मुलगी.
बापाला सगळा गाव बहादूर म्हणतो,
दाखल्यावर त्याचं नाव टेकबीर आहे.
दिवाळीनंतर आली तेव्हा
तिला मराठीत एकच शब्द येत होता: हजर.

तो शब्द ज्या दिवशी आला नाही
त्या दिवशी कौलांवरून गेलेली खार ऐकू आली.
चौदा मुलं, एक बाई,
आणि कुणालाच माहीत नव्हतं
की सडा चढून जायला किती वेळ लागतो.

मधल्या सुट्टीनंतर वर्ग अर्धा रिकामा.
आले सव्वातीनला,
पोटऱ्यांवर करवंदीचे ओरखडे, अंगाला मोहोराचा वास.
मला ओरडायचं होतं. शिस्त म्हणून.
लौकेश धापा टाकत म्हणाला,
"तिच्या आवशीक ताप आसा, बाई.
बारको भाव काखेत घेवन
हीच वांदरा हाकलता, डबो वाजवन."

अफसानाने येताना शब्द आणले होते,
ओंजळीतून पाणी आणावं तसे, सांडू न देता:
आमा म्हणजे आई.
ज्वरो म्हणजे ताप.
पानी म्हणजे पाणीच.
ते तिने फळ्यावर लिहिले, सुविचाराच्या जागी.
तीन दिवस कुणी पुसले नाहीत.

वर्ग बदलला, असं मी म्हणत नाही.
खोडरबर अजून चोरीला जातात.
सुक्या बांगड्याचा डबा उघडला
की नाक धरणारे अजून नाक धरतात,
फक्त आता कुणीतरी म्हणतं, गप रे.
कधी कधी म्हणतं.

माघात एक दिवस मी शाळेत आले नाही.
रजेच्या अर्जावर लिहिलं: घरगुती.
अर्ज पुढे गेला, मंजूर झाला.
परत आले तर फळ्याच्या कोपऱ्यात,
मुलांच्या यादीखाली, वाकड्या अक्षरांत:

बाई – गै.
कारण – ठावक नाय. इचारूचा आसा.

पंधरा जण माझ्याकडे बघत होते.
मी डस्टर उचललं, ठेवलं.
खुर्ची ओढून टेबलाच्या अलीकडे घेतली,
पदराला लागलेला खडू झटकत राहिले.
ओहोटी होती, होड्या वाळूत कलंडलेल्या,
सुरुवात कुठून करावी कळेना.

अफसाना म्हणाली,
"सावकास सांगा, बाई."